दर जेवणाला एक मूठ

मिझोराममधल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत भाताचं आधण ठेवण्याआधी एक छोटासा सोपस्कार होतो. माणसांपुरता तांदूळ मापून घेतला की घरातली बाई त्यातलीच एक मूठ परत काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. ही मूठ पोत्यातली वरकड नव्हे, ताटातली. ठरलेल्या दिवशी चर्चच्या बायका येऊन डबा रिकामा करून नेतात. दहा घरचा दहा प्रकारचा तांदूळ एकत्र होतो, विकला जातो आणि त्या पैशातून मिशनरींचे पगार निघतात. मिझो भाषेत याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. 1910पासून हे चालू आहे आणि आज त्याची बेरीज कोट्यवधी रुपयांत जाते.

आपल्याला ही मूठ अनोळखी नाही. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेने ती नावातच बांधून ठेवली आहे.

मिझोंकडे ख्रिस्ती धर्म आला तो मात्र एका वेगळ्याच पैशावर. इंग्लंडात लीड्सला रॉबर्ट आर्थिंग्टन नावाचा गडगंज गृहस्थ राहायचा. स्वतः इतका काटकसरी, की लोक त्याला ‘हेडिंग्लीचा कंजूष’ म्हणत. मिशनला पैसे देताना मात्र त्याचा हात सैल. त्याच्या खर्चाने लोरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण 11 जानेवारी 1894 रोजी सायरंगला पोहोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शब्दकोश केला. चारेक वर्षांत आर्थिंग्टनच्या धोरणानुसार त्यांना तिथून हलावं लागलं आणि काम वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनने उचललं. एका माणसाच्या थैलीवर चाललेल्या कामाचं हे असंच होतं. थैलीवाला सांगेल तेव्हा मुक्काम हलतो.

वेल्सची माणसं मात्र टिकली. 1904 साली वेल्समध्ये मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं, त्याची लाट खासी टेकड्यांतून 1906मध्ये मिझोंपर्यंत आली. सगळंच गोड नव्हतं. मिझोंचा ढोल सुरुवातीला चर्चबाहेरच राहिला. पुढच्या पुनरुज्जीवनांत लोकांनीच तो आत आणला. 1901च्या शिरगणतीत या डोंगरांत ख्रिस्ती जेमतेम 45 होते. 2011मध्ये मिझोरामच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण 87 टक्के होतं.

आणि वेल्स? 2021च्या जनगणनेत तिथल्या 46.5 टक्के लोकांनी आपल्याला धर्म नाही असं नोंदवलं, ख्रिस्ती 43.6 टक्के. गावोगावची दगडी चॅपलं उभी आहेत, पण रविवारच्या उपासनेला बाकं मोकळी आणि आलेली माणसं बहुतेक म्हातारी. गेली वीसेक वर्षं मिझोरामचं चर्च वेल्समध्ये मिशनरी पाठवतं आहे. हे कोणाच्या लहरीने झालेलं नाही. जुन्या लंडन मिशनरी सोसायटीच्या वारशातून 1977 साली ‘कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन’ नव्या रूपात उभी राहिली, ती ‘देणारा’ आणि ‘घेणारा’ हा भेद मोडायलाच. माणसं आणि पैसा कुठल्याही देशातून कुठल्याही देशात जाऊ शकतात. मिझोरामचं चर्च ज्यात येतं ते भारतातलं प्रेस्बिटेरियन चर्च आणि वेल्समधलं, दोन्ही तिचे सभासद.

वेल्समध्ये गेलेल्या मिझो मिशनरीला चर्च बांधायचं नसतं. इमारती हव्या तेवढ्या आहेत. तुटवडा माणसांचा. उरलेल्या पंधरा-वीस जणांच्या मंडळीला धीर द्यायचा आणि बाहेरच्या तरुणांशी बोलणं जमवायचं. हे काम अवघडच, कारण ज्याच्या आजीने आपल्याला धर्म शिकवला त्यालाच तो परत सांगायचा. आमच्याकडे सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्यांना सल्ला देताना जे होतं, तेच.

11 जानेवारीला मिझोराममध्ये सरकारी सुट्टी असते, त्या दोन तरुणांच्या आठवणीची. कचेऱ्या बंद. चूल पेटलेली असते, तांदूळ मापला जातो आणि त्यातली मूठ डब्यात पडते.