कोकणची आगबोट

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या मुलास रात्रीचा प्रवास म्हटला की आगगाडी आठवते. संध्याकाळी गाडीत बसावे, फळीवर अंथरूण पसरावे, आणि डोळे उघडावेत तो मुंबई जवळ आलेली असावी. परंतु मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या कोकणी माणसास गावी जावयाचे झाले, म्हणजे पुष्कळ वर्षे त्याची रात्र समुद्रावर जात असे. कोकणात डोंगर आणि खाड्या इतक्या, की रस्त्याने जाणे मोठे जिकिरीचे. आणि कोकण रेल्वे तर १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली. त्यापूर्वी आगबोट हाच तेथील राजमार्ग होता.

ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटे आणि वाटेत हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून त्या दिवसांत ही वाहतूक बंद असे.

बोटीत चढणे-उतरणे हाच या प्रवासातील अवघड भाग होता. बहुतेक बंदरांत किनाऱ्याजवळचे पाणी उथळ असल्यामुळे बोट दूर नांगर टाकून उभी राही व प्रवासी पडावात बसून तिच्याकडे जात. लाटेबरोबर पडाव वर उचलला गेला, की तो क्षण साधून खलाशी प्रवाशाचा हात धरीत व त्यास बोटीवर ओढून घेत. म्हातारी माणसे, तान्ही मुले, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या, सारे याच रीतीने वर जाई. आणि कित्येक बंदरांत हे काम काळोख्या रात्री चाले.

बोटीवर खोल्या थोड्या. बहुतेक लोक डेकवरच वळकटी पसरून निजत. खालच्या डेकवर यंत्राची धग आणि तेलाचा वास, तर वर मोकळा वारा. त्यामुळे वरची जागा मिळविण्यासाठी धांदल उडे. चोहोकडे पाणी असूनही त्यातले घोटभर पिता येत नाही, म्हणून गोड्या पाण्याच्या टाक्या बंदरातच भरून घ्याव्या लागत. कित्येकांस बोट लागे. तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते. ते शरीर हलत असल्याचे सांगते, आणि जवळच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीमुळे मळमळते. अशा वेळी दूर क्षितिजाकडे पाहिल्यास बरे वाटते.

प्रवासी झोपले तरी बोट चालविणारे जागेच असत. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची रीत निराळी असते. तीवरून किनाऱ्याचा कोणता भाग आला ते ओळखता येते. बोटीच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. त्यामुळे समोरून येणारे जहाज कोणत्या दिशेस चालले आहे, हे अंधारातही समजते.

तथापि दक्षता थोडी कमी पडली, की समुद्र क्षमा करीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट मुंबईहून रेवसला निघाली होती. हा प्रवास रात्रीचा नव्हे, अवघ्या काही तासांचा. वादळी पावसात लाटांचे पाणी आत शिरले, भयभीत प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे मुंबईस कित्येक तास वार्ताच नव्हती. ज्यांचे प्राण वाचले, त्यांतील अनेकांस कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर जहाजावर सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या असाव्यात, असा आग्रह जगभर धरला गेला होता. पण नियम कागदावर असणे निराळे आणि ऐन वेळी जवळ साधन असणे निराळे.

पुढे खाड्यांवर पूल झाले, एस. टी. गावोगाव पोहोचली, आणि कोकणची बोट हळूहळू बंद पडली. २०१८ साली 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई व गोवा यांच्या दरम्यान सुरू झाले. कान्होजी आंग्र्यांचे स्मरण देणाऱ्या या जहाजावर शंभराहून अधिक खोल्या, उपाहारगृहे आणि पोहण्याचा तलावसुद्धा होता. ते दुपारी निघे व दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यास लागे. मात्र वाटेतल्या बंदरांत कोणी पडाव घेऊन त्याची वाट पाहत नसे. त्यातील प्रवासी बहुधा गावी जाण्यासाठी नव्हे, तर समुद्रावर एक रात्र काढण्याच्या हौसेने निघालेले असत. २०२० साली साथीच्या काळात तीही सेवा थांबली.