घरातलं कादंबरीत

1995 साली नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाशिम जिल्हा अस्तित्वातही नव्हता, तो अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या शिरपूरचे कांबळे त्याआधीच मराठी कादंबरीत आपली जागा करून बसले होते. आधी शाळेत चौकीदार, पुढे शिक्षक, अशा नोकऱ्या करत त्यांनी लिहिलं.

तो काळ आत्मकथनांचा होता. 1978मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, 1980मध्ये लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’. 1984च्या ‘अक्करमाशी’त शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या जन्माची कहाणीच चव्हाट्यावर मांडली. 1994मध्ये किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं आणि आईचं नाव स्वतःच्या नावात अभिमानानं मिरवलं. या धाडसाला तोड नाही. पण घरातलं उघड करताना त्याची झळ एकट्या लेखकाला लागत नाही. आई, आजी, बहीण यांना कुणी विचारलेलं नसतं, आणि त्यांना पुन्हा त्याच गल्लीत राहायचं असतं. पवारांनीही ‘बलुतं’मध्ये दगडू आणि दया अशी आपलीच दोन रूपं समोरासमोर बसवून स्वतःला थोडं अंतर दिलं होतं.

कांबळे यांनी कादंबरीचा रस्ता धरला. त्यांच्या मातंग समाजात ही वाट जुनी आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या 1959च्या ‘फकिरा’ कादंबरीमागे त्यांच्याच नात्यागोत्यातल्या फकिरा नावाच्या बंडखोराची कथा आहे. लुटीच्या पैशातून फकिरानं बाळंतिणीला मदत केली आणि ते बाळ म्हणजे अण्णाभाऊ, अशी आठवण आजही सांगितली जाते. घरात सांगितलेली गोष्ट तिथं साऱ्या मुलखाची झाली.

‘राघववेळ’मध्ये मात्र बंडखोर नायक नाही, वालंबी आहे. दारिद्र्य, जात आणि बाईपण, तिन्ही एकाच वेळी अंगावर घेऊन मुलांसाठी झिजणारी मातंग बाई. ती नेमकी कोण, तिच्यात लेखकाच्या घरातलं कोण किती, हे शोधत बसणं मला अन्यायाचं वाटतं. कादंबरीनं तिला जो आडोसा दिला, तो वाचकानं काढून घेऊ नये. त्या आडोशामुळेच उपास, अपमान, देहाची कुतरओढ, पोटच्या मुलांपासूनही बाई जे लपवते ते सगळं तिथं लिहिता आलं. आत्मकथनात मुलगा आईविषयी सांगतो. इथं आईच्या मनात शिरायची मुभा होती, आणि कांबळे यांनी ती पुरेपूर वापरली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत वऱ्हाडानं मराठीला दिलेल्या स्त्रियांमध्ये वालंबी अग्रभागी आहे.

पुढे ‘ऊनसावली’, ‘सांजरंग’, ‘मोराचे पाय’ अशी पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. 2021मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि वाशिमचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकलं. सत्काराच्या बातम्या खूप वाचल्या गेल्या, पुस्तकं तेवढी वाचली गेली नाहीत. ‘राघववेळ’ तुमच्या गावच्या वाचनालयात नसेल तर मागवायला सांगा. लेखकाचं चरित्र नंतर वाचता येईल, आधी वालंबीला भेटा.