दातांना तार लागली की जीभ काय करते?

ऐन हुरड्याच्या दिवसांत राणीसावरगावातल्या एखाद्या सातवीतल्या मुलीच्या दातांना तार लागावी, यासारखी पंचाईत नाही! गंगाखेड तालुक्यातलं हे गाव, आणि आजूबाजूचा सगळा ज्वारीचा मुलूख. थंडी पडली की शेतात आगटी पेटते, कणसं भाजली जातात, हरभऱ्याचा हुळा होतो, उसाची कांडी दातांनीच सोलली जातात. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर सांगतात, ‘ऊस बंद, फुटाणे बंद, भाकरी वरणात कुस्करून खा. हुरडा खाल्लाच तर दाणे तारेत अडकतील, लगेच ब्रश करा.’

तार तर पुढून, दातांच्या वर चिकटवलेली असते. मग चावताना दाढ का दुखते?

त्यासाठी हिरडीच्या आत डोकवायला हवं. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक फट असते, जेमतेम पाव मिलिमीटरची. त्या फटीत असंख्य बारीक धागे दाताला चहूबाजूंनी धरून असतात. सुतळीच्या बाजेवर बसलं की बाज जशी किंचित दबते आणि उठलं की पुन्हा ताणली जाते, तसा प्रत्येक घासाला दात या धाग्यांवर दबतो आणि परत वर येतो.

या धाग्यांमध्येच मज्जातंतूंची टोकं असतात, आणि ती कमालीची तल्लख असतात. भाकरीत कच लागली की काय होतं ते आठवा. ‘कच्च’ झालं की जबडा तिथल्या तिथे थांबतो. तुम्ही विचार करून थांबवत नाही, तो आपोआप थांबतो! केसापेक्षा पातळ वस्तू दोन दातांमध्ये आली तरी ती कळते. दाताचं वरचं आवरण आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, आणि त्या कठीण दाताला एवढं सगळं कळतं ते मुळाभोवतीच्या धाग्यांमुळे. मला तर दाताबद्दलची हीच गोष्ट सगळ्यांत नवलाची वाटते.

आता तार दाताला एका बाजूला ढकलू लागते. ज्या बाजूला धागे दाबले जातात, तिथे हाड पोखरणाऱ्या पेशी गोळा होतात आणि थोडं थोडं हाड विरघळवतात. जिथे धागे ताणले जातात, तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड बांधतात. असं करत दात महिन्याला फार तर मिलिमीटरभर सरकतो. या सगळ्या उलाढालीत ते धागे सुजतात, हुळहुळे होतात. म्हणून तार आवळल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवड्याभरात ओसरतो. एरवी कच ओळखणाऱ्या त्या मज्जातंतूंना तेव्हा साधी भाकरीसुद्धा टोचते. मग मेंदू जबड्याच्या स्नायूंना जोर लावूच देत नाही. स्नायू काही अशक्त झालेले नसतात, त्यांना आवरून धरलेलं असतं. मूल एकाच बाजूने, हळूहळू चावतं आणि घास जाडाभरडाच गिळतं. त्या दिवसांत कुस्करलेली भाकरी, खिचडी, केळं हे खाणं उगीच सांगितलेलं नाही.

आता गिळण्याकडे येऊ. एक घोट पाणी घ्या आणि गिळताना जिभेवर लक्ष ठेवा. जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे टाळूला टेकतं, मग जीभ पुढून मागे टाळूवर दाबली जाते आणि पाणी घशात ढकललं जातं. क्षणभर श्वास थांबतो, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. आता ओठ आणि दात उघडे ठेवून नुसता आवंढा गिळून पाहा. जमतं, पण किती खटपट करावी लागते! गिळायचं तर तोंड पुढून बंद असावं लागतं.

तान्ह्या बाळाला दातच नसतात. ते जीभ हिरड्यांच्या मधून पुढे काढून, ओठांना लावून दूध गिळतं. दात आले, बाळ जेवू लागलं की ही सवय हळूहळू सुटते. काही मुलांची मात्र सुटत नाही. काहींच्या तर वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये मोठी फट असते, बराच काळ अंगठा चोखल्यामुळेही ती पडते. अशा मुलांना शेवया पुढच्या दातांनी तोडता येत नाहीत, त्या फटीतून तशाच निसटतात. आणि गिळताना त्यांची जीभ त्या फटीत येते.

पूर्वी बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं, जीभच दातांना ढकलते आणि फट पाडते. विल्यम प्रॉफिट या अमेरिकन दंततज्ज्ञांनी यावर साधा हिशेब मांडला. तुम्हीही करून पाहा. दिवसातून अगदी 1000 वेळा गिळलं आणि दर वेळी जीभ एक सेकंद दाबली गेली असं धरू. झाले 1000 सेकंद, म्हणजे सुमारे 17 मिनिटं. दात सरकायला मात्र रोज निदान काही तास सलग हलका दाब लागतो. मग 17 मिनिटांच्या तुकड्यातुकड्यांनी तो सरकेल कसा? गिळत नसताना जीभ दिवसभर कुठे टेकलेली असते, ते जास्त महत्त्वाचं. आणि पुष्कळदा गोष्ट उलटीच असते: फट आधी पडते आणि गिळताना तोंड बंद करायला जीभ बिचारी तिथे धावते!

म्हणूनच तारेने फट मिटली की पुष्कळ मुलांची जीभ आपणहून मागे राहायला शिकते. काहींची ऐकत नाही. ती पुढेच टेकून राहते आणि तार काढल्यावर फट पुन्हा उघडू शकते. त्यांना जिभेचे व्यायाम शिकवतात, कधी दातांमागे एक छोटी जाळी बसवतात.

कधी तारेऐवजी टाळूला लागणारी क्लिप बसवली तर पहिले एकदोन दिवस तोंडाला लाळेची धार लागते, कारण तोंडाला वाटतं घासच आलाय. जिभेला टेकायची जागा बदललेली असते, त्यामुळे ‘स’ म्हणताना बोबडं बोललं जातं आणि आवंढा गिळताना अडखळायला होतं. मग जीभ नवी जागा शोधते आणि क्लिप तोंडात आहे हेच विसरून जाते.

तार निघाली त्याच दिवशी ऊस सोलायची घाई मात्र करू नका. दात अजून थोडे सैल असतात, आणि वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर नीट बसायला पुढचे काही महिने लागतात. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचा.

बरं, कोण किती चांगलं चावतं हे शास्त्रज्ञ मोजतात कसं? शेंगदाण्यांनी! माणसाला मोजके शेंगदाणे देतात, ठरावीक वेळा चावायला लावतात, गिळू न देता भांड्यात थुंकायला सांगतात आणि तो चुरा धुऊन चाळणीतून गाळतात. जितका जास्त चुरा खाली पडेल तितकं चावणं चांगलं. तुमच्या दातांना तार नसेल तर घरी करून पाहा: पाच शेंगदाणे फक्त उजवीकडे वीस वेळा चावा, मग पाच फक्त डावीकडे. चाळणी आईला विचारून घ्या, आणि दोन्ही बाजूंचा चुरा वेगवेगळा वाळवून शेजारी शेजारी ठेवा.