घर बांधताना आधी हवा, उजेड आणि पाणी आखा

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत राबून आळंदीच्या आसपास अर्धा-एक गुंठा घेणारी आपली बरीच कुटुंबे आहेत. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. जागा एवढीशी, पैसा हप्त्याहप्त्याने येणारा. म्हणून घर मिस्त्रीच्या अंदाजावर उभे राहते. कोंदट खोलीतला खोकला आणि जिन्यावरून पडून मोडलेला खुबा मात्र घरच्यांना सोसावा लागतो.

बाबासाहेबांचा संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होता. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, तेव्हा आखणीत स्वतः लक्ष घातले. घरात काय घडायचे आहे हे आधी ठरले : खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि कार्यालय. आपले घर लहान असेल, पण आधी विचार आणि मग विटा हा क्रम आपल्यालाही पाळता येतो.

जागा : मे २०२५ मध्ये शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते, ती निळी रेषा. इसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगरपरिषदेत किंवा पीएमआरडीएमध्ये चौकशी करा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

हवा-उजेड : टीबीचे जंतू बंद खोलीच्या हवेत तासन् तास राहतात, वारा खेळला की ते विरळ होतात. खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश एवढी खिडकी उघडली पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, हे हिशेबात धरा. शेजारी उद्या भिंतीला भिंत लावील, म्हणून मागे किंवा मध्ये आभाळाकडे उघडी जागा सोडा. स्वयंपाकघराचा धूर थेट बाहेर जायला हवा.

संडास : सेप्टिक टँक आणि शोषखड्डा बोअरपासून पन्नास फूट दूर हवा. गुंठ्यात तेवढे अंतर मिळत नाही. मग त्या बोअरचे पाणी पिऊ नका. टँकचे झाकण मैल्याच्या गाडीचा पाइप पोचेल अशा ठिकाणी ठेवा. आत माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या विषारी वायूने आपल्याच माणसांचे जीव गेले आहेत.

जिना : पायरीची उंची सात इंच, रुंदी दहा इंच, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या. एक जरी उंच-सखल झाली तरी अंधारात पाय चुकतो. कठडा पहिल्याच दिवशी बसवा. 'नंतर बघू' म्हणून राहिलेल्या उघड्या जिन्यावरून लहान मुले पडतात. बाथरूमला खरखरीत फरशी घाला.

देखरेख : स्लॅबच्या दिवशी घरचे कोणीतरी जाणते माणूस सुट्टी टाकून हजर राहो. माल पसरायला सोपा जावा म्हणून जास्त पाणी ओतले की काँक्रीट कमकुवत होते, पुढे गळते, आणि ओलीवर बुरशी धरून दम्याच्या माणसाला त्रास होतो. स्लॅबला निदान दहा दिवस पाणी मारा. डेंग्यूचा डास अंड्यातून आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आळ्यातले पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी काढून नवे भरा. बांधकामाचे पिंप आणि पुढे छतावरची टाकी घट्ट झाका.

पाया खोदण्याआधी प्लॉटवर फक्कीने खोल्या आखून घ्या. त्या रेषांत घरातल्या बाईला उभी करा : ओटा कुठे, कपडे कुठे वाळणार, रात्री सासूबाई संडासाला कशा जाणार, पोरगी अभ्यासाला कुठे बसणार. रेषा पुसायला पैसे लागत नाहीत, भिंत पाडायला लागतात.