पोथी आणि पेजेचा डबा

आमच्या डोंबिवलीच्या बचत गटातली एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. माहेर ठाण्याचं, मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे ‘दयेचं वर्ष’ जाहीर केलं होतं. वर्षभर प्रार्थनेचा आणि बायबल वाचनाचा विषय एकच, दया!

लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट वाचताना ती अडली. धाकटा परत आला म्हणून बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो. “अगं, तो थोरला म्हणजे मीच की!” ती म्हणाली. घराच्या वाटणीवरून कल्याणच्या जावेशी सहा वर्षं अबोला होता. जाऊ आजारी होती. आजाऱ्याला भेटणं हेही दयेच्या सात कृत्यांपैकी एक. ही पेजेचा डबा घेऊन गेली. माफी कुणीच मागितली नाही. जाऊ एवढंच म्हणाली, “मीठ कमी पडलंय गं.”

मैत्रिणींनो, मीही दर श्रावणात पोथी लावते. अध्याय संपला की पोथी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवते. यंदा मात्र आधी धाकट्या नणंदेला फोन करणार आहे.