मोटारसायकलीचे दुहेरी चकती गतिरोधक

मोटारसायकलीचे दुहेरी चकती गतिरोधक : पुढील चाकावरील ढोलाऐवजी दोन चकत्या वापरणारी योजना. यामाहा आरडी ३५० ला पुढे चकती होती. भारतात १९८३ पासून एस्कॉर्ट्सने काढलेल्या राजदूत ३५० या तिच्या आवृत्तीला मात्र ढोलच दिला गेला. वेगाच्या मानाने तो अपुराच. कसाऱ्यासारख्या घाटाच्या उतारावर ढोल तापून पकड क्षीण होते; उघडी चकती लवकर निवते. त्यामुळे जुन्या गाड्यांवर चकत्या बसविल्या जातात. दोन चकत्यांना द्रव अधिक लागतो. हँडलावरील नळकांडे लहान राहिल्यास तरफ मुठीला टेकते, फार मोठे घेतल्यास दाब घटतो. जुना चिमटाही वाढीव ताण सोसणारा हवा. एकाच चकतीने चाक अडकत असेल, तर दुसरीमुळे थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. ते टायरच्या पकडीवर ठरते. ऊष्मा तेवढी विभागली जाते.