घराची गळती व तिचा शोध

पेरणीची तयारी करिताना माळ्यावरील बियाण्याचीही काळजी वाहिली पाहिजे. कणगीवर एक रात्र पाणी ठिबकले, तरी दाण्यास ऊब लागून मोड व बुरशी येते आणि पेरणीपूर्वीच बियाणे हातचे जाते.

गळतीसंबंधी ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही की, पाणी जेथे ठिबकते तेथेच ते शिरते असे नाही. फुटक्या कौलातून आलेले पाणी वाशावरून उताराने वाहते व सांधा लागला म्हणजे खाली पडते. म्हणून ठिबकणाऱ्या जागी आतून डांबर फासणे व्यर्थ होय. कोंडलेल्या पाण्याने वासा मात्र कुजतो. त्यापेक्षा एकाने शिडीवरून, वळचणीपासून आढ्याकडे क्रमाने, छपरावर पाणी ओतीत जावे व दुसऱ्याने आतून पाहावे. आढ्यापासून आरंभ केल्यास सर्वच छप्पर भिजते व दोष कळत नाही.

दुरुस्तीचा नियम एकच : वरच्या थराची कड खालच्या थरावर यावी. उजेडासाठी बसविलेल्या काचेची वरची कड वरील कौलांखाली व खालची कड खालील कौलांवर असावी. जस्ती पत्र्यास खिळा उंचवट्यावर मारावा, पन्हळीत नव्हे. खिडकीच्या तळच्या फरशीस बाहेर उतार द्यावा व तिच्या पुढे आलेल्या कडेखाली बारीक खाच ठेवावी. म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता खाली गळून पडते.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी या कामी एक दिवस खर्च केल्यास बियाणे, वासे व भिंत ही तिन्ही सुरक्षित राहतात.